मुलगी मिडफिल्डला खेळते: परभणीच्या मैदानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत मुलींना फुटबॉल शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली. दरवर्षी जूनमध्ये नवे पालक येतात, गाडी स्टँडवर लावतात, हेल्मेट हातात धरून मैदानाच्या कडेला उभे राहतात आणि गेल्या वर्षीचेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. जमेल तिथे प्रश्न ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत ठेवलेत.

मॅडम, आमची पोरगी गोल तर मारीत नाही. मग ती करते काय?

लग्नघरात नवरा-नवरी फोटोत दिसतात. पण कोणती पंगत बसली, वरण कुठे संपलं, व्याह्यांकडचं कोण रुसून बसलं, हे सगळं डोक्यात ठेवून मांडवभर फिरणारी एक काकू असते. ती फोटोत नसते. मिडफिल्डर ही ती काकू. बचाव आणि आक्रमण यांच्या मधली सगळी जागा तिची. आपल्या बचावपटूंकडून बॉल घ्यायचा, तो पुढे पोचवायचा, बॉल गेला की परत मिळवायला पळायचं.

यातही प्रकार आहेत. बचावाच्या पुढ्यात उभी राहून समोरच्यांचा डाव मोडणारी ती सहा नंबर. आपल्या गोलपुढच्या पेटीपासून समोरच्यांच्या गोलपुढच्या पेटीपर्यंत पळणारी आठ नंबर. आणि पुढच्या फळीच्या मागे राहून शेवटचा पास देणारी दहा नंबर. पाठीवरचा आकडा कोणताही असो, मैदानावर आम्ही कामाला याच नंबरांनी ओळखतो. वरच्या दर्जाच्या सामन्यात मिडफिल्डर ९० मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर पळते, तेही सरळ नाही, थांबत-वळत-झेपावत. आणि मुलींसाठी मैदान लहान, बॉल हलका असं काही नसतं. तेच मैदान, तोच मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल, तेवढाच वेळ.

कोणती मुलगी मिडफिल्डर होईल हे तुम्ही ओळखता कसं?

मानेवरून. खरंच सांगते. पायावरून नाही.

माझा एक जुना खेळ आहे. मुलीला मधोमध उभं करते, समोरून एक जण तिला पास देते, मी तिच्या पाठीमागे दहा पावलांवर उभी. पास निघाला की मी हात वर करून बोटं दाखवते, कधी दोन, कधी चार. बॉल पायाशी येण्याआधी तिने मागे वळून बघायचं आणि आकडा ओरडायचा. पहिल्या दिवशी बहुतेक जणी बॉलकडेच टक लावून बसतात, बॉल थांबवतात आणि मग विचारतात, "ताई, किती होते?" तोवर सामन्यात पाठीवर कुणीतरी आलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी सेलूकडची एक सहावीतली मुलगी आली होती. अंगाने काडी, पायात दादाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला. बॉल तिच्याकडून तीनदा निसटला. पण तिन्ही वेळा आकडा बरोबर होता. चौथ्यांदा मी बोटं दाखवलीच नाहीत. ती ओरडली, "हात खालीच हाय!" बॉल थांबवायला मी सहा महिन्यांत शिकवीन. ही नजर शिकवायला वर्षं जातात, आणि काहींना ती येतच नाही.

कितव्या वर्षी सुरुवात करावी?

आठ ते दहा उत्तम, बाराही चालतं. पण पंधराव्या वर्षी पहिल्यांदा बॉलला पाय लावून व्यावसायिक मिडफिल्डर होणं अवघड आहे. गोलकीपर किंवा बचावपटू उशिरा सुरू करून वर गेलेल्या आहेत. मधल्या जागेला मात्र हजारो लहान लहान निर्णयांची सवय लागते. बारा वर्षांखालच्या मुलींना चार नंबरचा बॉल द्या. मोठ्या भावाचा पाच नंबरचा दिला की मुली बोटाच्या टोकाने ठोकरायला शिकतात, आणि ती खोड मोडताना माझा घसा बसतो.

गावात मुलींची टीम नाही. पोरांत खेळू द्यावं का?

द्यावं. भारताच्या कित्येक खेळाडू मुलांमध्ये खेळूनच घडल्या. मुलं वेगाने अंगावर येतात, त्यामुळे बॉल लवकर सोडावा लागतो, आणि मिडफिल्डला तेच हवं असतं. तेरा-चौदानंतर घरच्यांना लोक बोलायला लागतात हे मला माहीत आहे. तेव्हा एकटीला पाठवू नका, दोघी-तिघींना पाठवा. दोघी असल्या की गाव कमी बोलतं.

पण आपल्याकडे फुटबॉल होता कधी? हे तर कोल्हापूरचं, गोव्याचं खूळ.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याची राजधानी म्हणजे भारतीय फुटबॉलचं एक मोठं घराणं. हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या प्रशिक्षणाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. देवगिरी एक्सप्रेस परभणीहून आजही तिकडेच जाते. आपण त्या बाजूला खेळाच्या नजरेने बघायचं सोडलं, एवढंच.

आणि "जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आपणच म्हणतो ना? जर्मनीच्या बायकांनी २००३ आणि २००७ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले. परभणीकडे अजून काम बाकी आहे.

शाळेच्या टीमपासून भारताच्या टीमपर्यंत रस्ता कसा जातो?

कागदावर रस्ता सरळ आहे. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात: तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. मराठवाड्यात क्रीडा विभाग दोन, छत्रपती संभाजीनगर आणि लातूर. राज्य पातळीवरून महाराष्ट्राचा शालेय संघ निवडतात. शाळांच्या सुब्रतो करंडकाला १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे, तिथे शाळाच थेट दिल्लीपर्यंत जाऊ शकते. दुसरी वाट संघटनेची: जिल्हा संघटना, मग राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा, मग राष्ट्रीय स्पर्धा. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात. जिजाऊंचं सिंदखेडराजा जालन्याला लागून, आणि त्यांच्या नावाचा करंडक सर्वांत जास्त वेळा मणिपूरने नेलाय. मला हे दरवर्षी टोचतं.

क्लबची वाट वेगळी. इंडियन विमेन्स लीग म्हणजे आयडब्ल्यूएल, देशातली बायकांची वरची लीग, २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. पहिलं विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने घेतलं. पुढे गोकुलम केरळाने लागोपाठ तीनदा जिंकली, २०२३-२४ ला ओडिशा एफसीने, २०२४-२५ ला ईस्ट बंगालने. तिच्या खाली आता आयडब्ल्यूएल टू ही दुसरी श्रेणीही आहे.

आता कागदाबाहेरचं. आपल्या मुली मागे पडतात त्या अंगात खेळ कमी म्हणून नाही, त्यांना सामनेच मिळत नाहीत. शालेय स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की वर्ष संपलं. आमच्या १७ खालच्या टीमने एका वर्षी दहा महिने सराव केला आणि अधिकृत सामने खेळली तीन. त्यातला एक समोरची टीम आलीच नाही म्हणून फुकट जिंकला, म्हणजे खेळलो दोनच. मैदानावर शंभर सामने खेळल्याशिवाय मिडफिल्डरला कळत नाही की विसाव्या मिनिटाचा पास आणि ऐंशीव्या मिनिटाचा पास वेगळा असतो. आयडब्ल्यूएलमध्ये २०२४-२५ ला आठ संघ होते आणि प्रत्येकाचे १४ सामने. आपली मुलगी शाळेच्या पाच वर्षांत तेवढे खेळत नाही.

म्हणून पालकांना माझं एकच मागणं असतं: नवे बूट नका घेऊ, जिंतूर-मानवत-नांदेडला मैत्रीपूर्ण सामन्याला जायचं एसटीचं भाडं द्या.

कागदपत्रं काय लागतात?

जन्माचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, फोटो. पुढे क्लबकडून खेळताना अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी. सगळीकडे नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर तीच पाहिजे. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वयही तपासतात, तेव्हा वय चोरायच्या भानगडीत पडू नका.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांची जन्मतारीख १ जून लावायचे. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. माझीही शाळेत १ जून, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर नोव्हेंबर. सतराव्या वर्षी राज्याच्या शिबिराला पुण्यापर्यंत गेले, पहिल्या दिवशी सराव केला, संध्याकाळी कागद बघितले आणि दुसऱ्या दिवशी मला रात्रीच्या एसटीत बसवलं. बॅगेत आईने बांधून दिलेल्या दशम्या तशाच होत्या. त्यांचंही चुकलं असं म्हणत नाही, नियम तो नियम. पण आता माझ्याकडे मुलगी आली की मी आधी दाखला बघते आणि मग पाय.

ट्रायलमध्ये काय बघतात? आणि पैसे भरावे का?

ट्रायलमध्ये वीस मिनिटं मिळतात, अनोळखी मुलींसोबत. तिथे तिघींना चकवून दाखवायची हौस सगळ्यांनाच येते. मिडफिल्डरने ती करू नये. दोन स्पर्शांत बॉल सोडा, सोडल्यावर उभं राहू नका, आणि बोला. "मागे आहे!", "वळ!", "वेळ आहे!" असं मोठ्याने. आपल्या मुली इथेच कच्च्या. घरी हळू बोल म्हणून वाढवलेल्या असतात ना.

पैशांचं म्हणाल तर नोंदणीचे शे-दोनशे समजू शकते. त्याहून जास्त मागितले की सावध व्हा. तीन वर्षांपूर्वी एका अकादमीने परदेशी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा, येणार म्हणून आमच्या चार मुलींकडून प्रत्येकी २,५०० रुपये घेतले. एका आईने ते बचत गटातून उचलले होते. स्काउट आला नाही, एक टी-शर्ट मिळाला, तोही धुतल्यावर आटला. क्लब चांगल्या खेळाडूला पैसे देतो, तिच्याकडून घेत नाही. एजंट म्हणून कुणी आलं तर फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, परवाना दाखवा म्हणा. आता त्यासाठी परीक्षा द्यावी लागते.

पगार किती मिळतो? खरं सांगा.

खरं सांगायचं तर बायकांच्या फुटबॉलवर भारतात घर चालवणाऱ्या थोड्याच आहेत. फेडरेशनने २०२३ मध्ये ठरवलं की आयडब्ल्यूएलच्या वरच्या आठ क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार द्यावा. म्हणजे महिन्याला सत्तावीस हजारांच्या आत-बाहेर. नामांकित खेळाडूंना जास्त मिळतात, खालच्या श्रेणीत बऱ्याच जणी राहणं-जेवण आणि किरकोळ मानधनावर खेळतात. करारात किती महिन्यांचे पैसे आहेत, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, या दोन ओळी आधी वाचा. करार इंग्रजीत असतो. गावातल्या वकिलाकडून किंवा कॉलेजातल्या सरांकडून वाचून घेण्यात लाज नाही.

म्हणूनच बहुतेक जणी नोकरीचा आधार धरतात. तमिळनाडूची मिडफिल्डर इंदुमती कतिरेसन पोलीस उपनिरीक्षक आहे. संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलात. आपल्याकडे राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं झाल्यापासून ती कडक झाली आहे. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, संघाची यादी, निकालपत्रक प्लास्टिकच्या फायलीत ठेवा. ट्रंकेच्या तळाशी नको, वाळवी लागते.

करिअर किती वर्षांचं?

साधारण अठरा ते बत्तीस-तेहेतीस. मिडफिल्डर थोडी जास्त टिकते, कारण वेग कमी झाला तरी डोकं चालतं. मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी पंधराव्या वर्षी भारताकडून खेळल्या आणि २०१६ ला थांबल्या. अर्जुन पुरस्कार, २०२० ला पद्मश्री. त्या मिडफिल्डरच.

गुडघा गेला तर?

हा प्रश्न आई विचारते, वडील सहसा विचारत नाहीत. भीती खोटी नाही. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे. बहुतेकदा कुणी पाडलेलं नसतं. पळता पळता वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो आणि जातो. मग शस्त्रक्रिया आणि नऊ महिने ते वर्षभर बाहेर. स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासचा एसीएल जुलै २०२२ मध्ये तुटला, युरो स्पर्धेच्या अगदी तोंडावर. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती विश्वविजेती झाली. पण तिच्या मागे बार्सिलोना क्लब होता. आपल्या मुलीच्या मागे जिल्हा रुग्णालय आणि बाबांची रजा.

म्हणून आधीच काळजी. फिफाचा "इलेव्हन प्लस" नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे: हळू पळणं, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगात पळणं. एक रुपया लागत नाही. नेमाने केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात हे अभ्यासांतून दिसलंय. माझ्याकडे ज्या मुली उशिरा येऊन वॉर्मअप बुडवतात, त्यांना त्या दिवशी बॉल मिळत नाही. रडल्या तरी.

आमच्याकडचं मैदान म्हणजे काळी माती. कोणते बूट घ्यावेत?

पावसाळ्यात काळ्या मातीवर खेळूच नका. चिखल बुटाला असा चिकटतो की पाय उचलत नाही आणि गुडघा पिळतो. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात घोटा जातो. मुरूम टाकलेलं मैदान बघा. मुरमावर लांब स्टडचे बूट नकोत, बारीक रबरी खुंट्यांचे घ्या. अंगठ्यापुढे अर्धं बोट जागा पुरे. दोन वर्षं पुरावेत म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. कापूस कोंबलेले बूट मी फार पाहिले.

पाळीत खेळावं का? आणि खायला काय द्यायचं?

पाळीत खेळता येतं. पोट फार दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती, विषय संपला. काळजी करायची ती पाळी तीन-चार महिने थांबली तर. कित्येक मुलींना वाटतं बरं झालं, कटकट गेली. तसं नाही, मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते, आणि त्याने हाडं ठिसूळ होतात. लगेच डॉक्टरकडे न्या.

दुसरी गोष्ट रक्त. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आमच्याकडे एक आठ नंबर दुसऱ्या हाफला हटकून बसायची. सगळे म्हणायचे आळशी आहे. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ, पाहिजे होतं किमान बारा. गोळ्या चालू केल्यावर चार महिन्यांत तीच मुलगी शेवटपर्यंत पळायला लागली.

प्रोटीनचे डबे नकोत. ज्वारीची भाकरी, डाळ, मटकी, शेंगदाण्याची चटणी, अंडं चालत असेल तर रोज दोन, वर लिंबू. जेवणासोबत चहा नको, लोह अंगी लागत नाही. सरावानंतर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे. केळं आणि मूठभर फुटाणे पुरतात.

आम्ही दिवाळीनंतर कोयत्याला जातो. पोरीला सोबत न्यावंच लागतं.

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. शालेय स्पर्धा आणि ऊसतोडीचा हंगाम एकमेकांवर येतात, आणि गेलेली मुलगी मार्चला परतते तेव्हा पाय ऊस वाहून कडक झालेले असतात. आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता आलं तर ठेवा. मुली मागे ठेवायची भीती वाटते म्हणून लग्न उरकून टाकणारे आईबाप मला माहीत आहेत. अठरा वर्षांआधी तो गुन्हा आहे, आणि मी तो सांगायला घरी येते. दोनदा गेलेय. एकदा चहा मिळाला, एकदा नाही.

लग्नानंतर, लेकरू झाल्यावर खेळता येतं का?

येतं. फिफाच्या नियमाने २०२१ पासून व्यावसायिक खेळाडूला किमान १४ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते, करारातल्या पगाराच्या किमान दोन तृतीयांश रकमेसह. गरोदर आहे म्हणून करार तोडता येत नाही. नियम आहे हे सासरी माहीत असलेलं बरं.

दहावीला सराव बंद करावा का?

कमी करा, बंद नको. खेळाडू विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत गेलाय ना ते स्वतः विचारा. शाळा विसरतात.

टीव्हीवर, मोबाईलवर कोणाचा खेळ बघू?

स्पेनची मिडफिल्डर आयताना बोनमाती. २०२३, २०२४, २०२५ असा लागोपाठ तीनदा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, तिला मिळालाय. तिचे गोल नका बघू. बॉल तिच्याकडे नसताना तीच बघा, दहा मिनिटं, आणि ती किती वेळा मान वळवते ते मोजा. आमच्या मुलींना मी वहीत लिहायला लावते.

आणि ५ जुलै २०२५ चा थायलंडविरुद्धचा सामना, च्यांग माईचा. भारत २-१ ने जिंकला आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई करंडकाला गेला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मिडफिल्डर गोल मारीत नाही म्हणणाऱ्या बाबांना हाच सामना दाखवते.

नाही जमलं तर?

फेडरेशनचा डी परवाना घेऊन प्रशिक्षक होता येतं, पुढे एएफसीचे, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचे, सी, बी, ए. गडहिंग्लज तालुक्यातल्या अंजू तुरंबेकर ए परवान्यापर्यंत गेल्या. पंच व्हा, मराठवाड्यात मुलींच्या सामन्याला बाई पंच शोधून सापडत नाही, मी शिट्टी घेऊन स्वतः उभी राहते आणि मग दोन्ही टीमच्या शिव्या खाते.

सराव कधी असतो?

मार्च ते जून पहाटे साडेपाच ते साडेसात, एरवी संध्याकाळी पाच वाजता. सोमवारी सुट्टी. बॉल आमच्याकडे आहेत, पाण्याची दोन लिटरची बाटली आपापली आणायची. पहिल्या दिवशी जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स.